शाळेतल्या पूजेला पोरगी बसली नाही, तर आम्ही मराठी नव्हे काय?

मागवाला (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात राहतो. घरचे चार माग होते, आता दोन चालतात. पोरगी सातवीत आहे, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

परवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. शुक्रवारी शाळेत सत्यनारायण, प्रत्येक वर्गातल्या पाच मुलींनी नऊवारी नेसून आरतीला उभं राहायचं, पालकांनी एक नारळ आणि एकशे एक रुपये पाठवायचे. पोरीचं नाव पाचांत. ती म्हणाली, "बाबा, मला नऊवारी नेसायचीय, खरं पूजेला बसायचं नाही. हात जोडले की मी नाटक करायलेय असं वाटतं."

आमच्या घरात देव्हारा नाही. वडील होते तोवर होता. ते गेल्यावर मी आणि बायकोनं ठरवून देव मोठ्या भावाकडे दिले. कुणाच्या देवाला नावं ठेवत नाही, लग्नाकार्याला जातो, जेवतो. पोरीला आम्ही काही शिकवलेलं नाही. तिनं विचारलं तेव्हा "आम्ही मानत नाही, तुझं तू बघ" एवढंच सांगितलं.

वर्गशिक्षिकेला फोन केला. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, "नका हो असं करू. आधीच मराठी शाळेला पोरं मिळेनात. त्यात आपल्यातलेच असं म्हणायला लागले तर?" ग्रुपवर एकानं लिहिलं, "मग कन्नड शाळेत घाला." त्याला सत्तावीस अंगठे.

पूजेला नाही म्हणता येतं का, हा माझा साधा प्रश्न. पण त्याहून जास्त खुपतंय ते हे की देव मानला नाही म्हणून भाषेतून बाहेर कसं काय काढलं? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय?

---

कुंदा_कमी_साखर

प्रसादाचा शिरा सोडणार असाल तर तुम्हाला साष्टांग दंडवत. माझा नास्तिकपणा शिऱ्याच्या वासापाशी संपतो.

---

फुकट_सल्ला_वकील

घटनेचं कलम २८ बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, हा पहिला भाग. तुमच्या कामाचा तिसरा. शाळा सरकारमान्य असो की अनुदानित, तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला कुणालाही भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. ('अज्ञान' हा कायद्यातला शब्द, वय कमी एवढाच अर्थ. मागे एका पालकानं यावरून माझ्याशी भांडण काढलं होतं.)

म्हणजे नकार तुम्ही द्यायचा नसून संमती त्यांनी मागायची आहे. आपल्याकडे गाडी उलटी चालते.

केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण त्यांच्या पंथामुळे गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ही मोकळीक, तर सत्यनारायणाचं काय घेऊन बसलात! हेडमास्तरांना दोन ओळींचं पत्र द्या. भांडू नका, पोच घ्या.

---

गल्लीचा_कार्यकर्ता

वकीलसाहेब, कलम ठीक आहे. माणसं कलमावर जगत नाहीत.

मागवाले भाऊ, तुमच्यावर राग नाही. खरं बाईंचं म्हणणं समजून घ्या. १९०५ साली टिळकांनी झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला, तेव्हापासून या गावात मराठी माणूस एकत्र येतो तो मंडपात. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडची सक्ती आली. बसवर मराठी नाही, सातबाराला मराठी नाही, दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाही. वर्षभरात हातभर मोठ्या अक्षरात मराठी कुठं दिसते सांगा? मंडपाच्या कमानीवर आणि शिवजयंतीच्या चित्ररथावर. तेवढंच उरलंय. त्यात तुम्ही म्हणायलात, हे धर्माचं आहे, मी येणार नाही. मग येणार कुठं?

माझ्या मंडळात वर्गणी देणारे निम्मे देव मानतात की नाही, मी कधी विचारलं नाही. येतात, ढोल वाजवतात, पहाटेपर्यंत कपिलेश्वर तलावापाशी थांबतात.

---

मागवाला

कार्यकर्ते, मी पण ढोल वाजवलाय हो, अकरा वर्षं. अजून मनगट दुखतं. त्या गर्दीत मला कुणी हात जोडायला लावले नव्हते, म्हणून तर तिथं राहू शकलो. शाळेत पोरीला तेवढी मोकळीक मिळावी, एवढंच म्हणणं.

---

शरण_हुक्केरी

माझ्या आईची भाषा कन्नड, माझी शाळा निपाणीत मराठीतून. म्हणून या धाग्यावर हक्कानं बसतो.

"कन्नड शाळेत घाला" म्हणणाऱ्यांसाठी माहिती: कन्नड शाळेतही पूजा असते आणि तिथंही नारळ तेवढ्यालाच मिळतो.

आमच्याकडे हाच खेळ दुसऱ्या बाजूनं. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं बसवण्णांना राज्याचा सांस्कृतिक नायक म्हणून जाहीर केलं, कचेऱ्यांत फोटो लागले. मला आनंदच झाला. खरं बाराव्या शतकात जो माणूस सांगून गेला की श्रीमंत देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, माझा देह हेच देऊळ, त्याच्या फोटोला आमच्या कचेरीत रोज सकाळी शिपाई उदबत्ती ओवाळतो आणि मग दिवे लावतो. एकदा म्हटलं, "शिवप्पा, हे त्यांना चाललं नसतं." तो म्हणाला, "साहेब, त्यांना काय चालायचं ते आता कोण विचारतंय? इन्स्पेक्शनला फुलं नसली तर मला विचारतात."

तर मुद्दा असा. बसवण्णा, शिवाजी महाराज, ज्ञानोबा ही माणसं शाळेत शिकवायचीच. ती काय म्हणाली, काय केलं, लोकांनी त्यांचं काय केलं, सगळं. उदबत्ती लावली की मात्र प्रश्न विचारायचे बंद होतात.

---

कुंदा_कमी_साखर

शिवप्पाला या धाग्याचा सदस्य करून घ्या. आपल्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट बोलतो.

---

निवृत्त_मास्तर

उशिरा आलो, लांब लिहितो, सांभाळून घ्या.

माझी पहिली नेमणूक १९७४ ची, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत. शाळेला इमारत नव्हती, मारुतीच्या देवळात भरायची. हजेरीपटावर तेवीस नावं. पहिल्या दिवशी मोजली तर आत एकोणीस. चार पोरं बाहेर पायरीखाली गोणपाटावर बसलेली, पाट्या मांडीवर घेऊन. मी म्हटलं, आत या. उठलीच नाहीत. गुरव जवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, शाळा आत आहे ते खरं, पण देव पण आतच आहे."

जूनचा शेवट होता. तुम्हाला तिकडचा पाऊस माहीत असेल. वळचणीचं पाणी सरळ त्या चौघांच्या पाटीवर पडायचं. अक्षर काढलं की पुसलं जायचं. त्यातल्या एकानं युक्ती केली होती, पाटी पोटाशी धरून वाकून लिहायचा. पुढं चाळीस वर्षं त्याचं अक्षर बारीकच राहिलं. मला पत्रं यायची त्याची.

आठवड्याभरात मी शाळा पाटलाच्या रिकाम्या गोठ्यात नेली. देव मानत नव्हतो म्हणून नव्हे. तेव्हा मी रोज संध्या करत होतो! तेवीस पोरं एका ओळीत बसवायची तर गोठा बरा, एवढाच हिशोब. गावात तीन महिने मला दूध कुणी घातलं नाही.

बाबासाहेबांनी १९२५ साली निपाणीला परिषद घेतली होती, हे मला नोकरी लागून दहा वर्षांनी कळलं. माझ्या घरापासून दोन तासांवर. शिकवण्याच्या पुस्तकात नव्हतं आणि कीर्तनात तर नव्हतंच.

कार्यकर्ते म्हणतात, मंडपात सगळे एकत्र येतात. येतात, मान्य. पायरीखाली कोण बसलंय तेवढं मोजत चला.

मागवाल्यांनाही एक सांगतो. न मानणाऱ्यांचंही एक सोवळं असतं. मी पुढं देव सोडला तेव्हा पाच-सहा वर्षं फार शहाण्यासारखा वागलो. बहिणीच्या घरी वास्तुशांतीला जाऊन भटजींना चार प्रश्न विचारले. बहीण आत जाऊन रडली. त्या प्रश्नांनी कुणाचंही भलं झालं नाही.

---

अतिथी_शिक्षिका

मास्तर, नमस्कार. तुमचा गोठा डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी चिकोडी भागात सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका आहे, पगार कधी येईल ते विचारू नका. आमच्याकडे धर्म ताटातून येतो. माध्यान्ह आहारात अंडं सुरू झालं तेव्हा काही मठांनी विरोध केला, मग अंडं किंवा केळं किंवा चिक्की असा पर्याय आला (चिक्की २०२५ मध्ये बंद झाली). घरून लिहून आणायचं. एका पोराच्या वडिलांनी लिहिलं, "आम्ही शाकाहारी, केळं द्यावं." पोरगं तिसरीत. अंड्याच्या दिवशी केळं खिशात घालतं आणि शेजारच्याच्या अंड्यातला पिवळा भाग मागून खातं. शेजारचं पांढरं खातं. दोघांचा करार झालाय.

मी बघते आणि बघत नाही. कागदावर वडिलांचा धर्म, ताटात पोराची भूक. नियमानं वागायचं तर मी त्याला अडवायला हवं. कुणी सांगा काय करू.

---

फुकट_सल्ला_वकील

ताई, कायद्यानं तुमचं लक्ष दुसरीकडे होतं.

---

दूधवाल्याचा_पोरगा

शाळेचं चाललंय, मी गावचं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, चुलते अजून पंचात आहेत.

आमच्यात महालक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी एकदा येते. त्याआधी पाच वार पाळायचे, मंगळवार. त्या दिवशी औत नाही, गिरणी बंद, चुलीवर फोडणी नाही, परगावी जायचं नाही. मोडला वार तर दंड. मला हे लहानपणी लई आवडायचं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. होन्नाटाच्या, म्हणजे देवी खेळवायच्या दिवशी, भंडारा उधळला की सगळं गाव पिवळं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो, मी देव मानत नाही तरी.

खरं आमच्या वडिलांचा धंदा दुधाचा. म्हशीला मंगळवार कळत नाही. धार काढली, डेअरीला घातली, दंड झाला. वडील भाविक. भरले. दुसऱ्या वारी धार काढून वासरांना पाजली, उरलेलं ओतलं. तिसऱ्या वारी म्हैस आटवायला आली तेव्हा ते पंचांना म्हणाले, "देवी आई आहे ना? तिला धार कळत असणार." पंच गप्प. सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं निकाल दिला, दूध काढा, विकू नका, ज्याच्या घरी बाळंतीण आहे तिथं घाला. नियम मोडला नाही, वाकवला.

म्हणून वाटतं, गावाची रीत आणि शाळेची सूचना यांत फरक आहे. पंचांशी माझा बाप बोलू शकला. ग्रुपवर "फक्त ॲडमिन लिहू शकतात".

---

कुंदा_कमी_साखर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

अवांतर: राजहंसगडावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं मार्च २०२३ मध्ये चार दिवसांत दोनदा उद्घाटन झालं. आधी एका पक्षानं, मग दुसऱ्यानं. त्यानंतर महाराष्ट्र एकीकरण समितीनं दुधाचा अभिषेक घालून शुद्धीकरण केलं. निवडणुका मे महिन्यात होत्या. कुणाचा धर्म, कुणाचं दूध!

---

गल्लीचा_कार्यकर्ता

अभिषेकाला मी होतो. तुम्हाला विनोद वाटतो. पुतळ्याच्या पायाशी दोन पक्ष झेंड्यांवरून भांडले, त्याचा राग होता लोकांना. तो दुधानं काढला, दगडानं नाही. ते बरं की वाईट?

---

कुंदा_कमी_साखर

हे बरं. मागे घेतो. (अर्धं.)

---

कॅम्पकर

मी मुसलमान आहे, दहावीपर्यंत मराठीतून शिकलो, मुलगा पण मराठीत. मुद्दाम सांगतो, कारण "मराठी म्हणजे सत्यनारायण" हे गणित मांडलं की माझं काय करायचं याचं उत्तर कुणीच देत नाही. माझ्या शाळेत गुरुवारी दत्ताची आरती व्हायची. मी मागच्या बाकावर उभा राहायचो. सर एकदा म्हणाले, "तू बाहेर थांबलास तरी चालेल." भल्यासाठी म्हणाले. खरं बाहेर कॉरिडॉरमध्ये एकटा उभा राहिलो तेव्हा शिक्षा झाल्यासारखं वाटलं. पुढच्या गुरुवारी परत आत. मला आरती पाठ आहे अजून, तालासकट.

दुसरं. २०२२ साली हिजाबवरून रान उठलं. ५ फेब्रुवारीचा गणवेशाचा आदेश, १५ मार्चला हायकोर्टाचा निकाल, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांची दोन मतं. माझ्या भाचीचं वर्ष गेलं. मला स्वतःला तो कपडा पटत नाही, घरात यावर माझं आणि बहिणीचं भांडण आहे. खरं सतरा वर्षांच्या पोरीला फाटकावर अडवून सुधारणा होत नसते. त्या दोन महिन्यांत सगळं गाव "शाळेत धर्म नको" म्हणत होतं. ती माणसं शुक्रवारच्या सत्यनारायणाला कुठं असतात?

आणि आमच्या भोंग्याबद्दल मीच सांगतो. रात्री १० ते सकाळी ६ बंद म्हणजे बंद. पहाटेच्या बांगेलाही तोच नियम. मशिदीच्या कमिटीत मी हे बोललो तेव्हा मला कुणी कन्नड शाळेत घालायला सांगितलं नाही, पण नास्तिक म्हटलं.

---

संपादक

कॅम्पकरांच्या प्रतिसादाखाली आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. हिजाबवर वेगळा धागा आहे, तिथं भांडा. इथं पोरगी, पूजा आणि शाळा.

---

फुकट_सल्ला_वकील

नियमाला पुरवणी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. गणपतीत आमच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहासमोर हे १०० मीटर दरवर्षी आकसून पाच होतात.

---

पुण्यात_अडकलेली

मूळची टिळकवाडीची. इथं येऊन विवेकवादी मंडळींत मिसळले, त्यामुळे दोन्हीकडचं बघते.

कुणी तरी विचारेलच म्हणून: मानवतावाद म्हणजे देवाला शिव्या घालणं नव्हे. १९५२ साली ॲमस्टरडॅममध्ये जगभरच्या मानवतावाद्यांनी जाहीरनामा केला, त्याचा गाभा एवढाच की माणसाच्या प्रश्नांची उत्तरं माणसानंच बुद्धीनं आणि करुणेनं शोधायची. आपल्याकडे मानवेंद्रनाथ रॉय आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री हेच बोलत होते. त्याआधी फुले आणि आगरकर. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद १९७६ पासून घटनेत नागरिकांच्या कर्तव्यांत आहेत, कलम ५१ क. म्हणजे मागवाल्यांची पोरगी कर्तव्य बजावतेय.

माझा राग माध्यमांवर. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट आहे की अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम दाखवायचा नाही. आता ग्रहणाच्या दिवशी कुठलंही कन्नड चॅनल लावा, मराठीही लावा, ज्योतिषी बसलेलाच. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणात कलबुर्गीजवळ दिव्यांग मुलांना बरं व्हावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. रडणाऱ्या पोरांच्या डोक्यावर ऊन. बातमी त्याच चॅनलांनी चवीनं दाखवली, "धक्कादायक" म्हणत, आणि मधल्या वेळात खाली राशीभविष्याची पट्टी सरकत होती.

ही थट्टा नाही. विवेकवाद्यांचे खून मोजा: दाभोलकर २०१३, पानसरे आणि कलबुर्गी २०१५, गौरी लंकेश २०१७. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर. नकाशावर रेघ ओढा, बेळगाव मधोमध येतं.

---

निपाणीची_सून

सगळ्यांचं वाचलं. मला कलमं कळत नाहीत, एक बघितलेलं सांगते.

माझ्या मावससासूबाई तंबाखूच्या वखारीत होत्या. डोक्यात जट आली, लोक म्हणाले यल्लम्मानं बोलावलं, धुवायची नाही, कापायची नाही. अकरा वर्षं ती जट डोक्यावर. वखारीतली धूळ, तेल, घाम. शेवटी शेवटी मान एका बाजूला कललेली आणि झोपताना जट उशाला वेगळी ठेवायच्या, बाळ ठेवावं तशी. देवाला पोर सोडायला बंदीचा कायदा १९८२ पासून आहे म्हणतात. जटेला कुठला कायदा?

गडहिंग्लजकडून एक कार्यकर्त्या बाई यायच्या. तीन वेळा आल्या, नुसत्या बोलून गेल्या. देवीबद्दल एक वाकडा शब्द नाही. चौथ्या वेळी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मान दुखते गं, काप." साधी कात्री चालेना. दिरानं पत्रा कापायची कात्री आणली. कापताना कर्र कर्र आवाज, आणि वास असा की मी दारात जाऊन उभी राहिले. वजन केलं, पाऊण किलो. त्या दिवसभर सासूबाईंचा हात मानेमागं. काहीतरी हरवल्यासारखा.

चार महिन्यांनी त्यांची म्हैस मेली. सगळी गल्ली म्हणाली, बघा. त्या म्हणाल्या, "म्हैस म्हातारी होती." माघी पौर्णिमेला सौंदत्तीला गेल्या, ओटी भरली, "उदं गं आई" म्हणाल्या, आल्या. देवी त्यांची अजून आहे. मान सरळ आहे.

पुण्याच्या ताई, राग मानू नका. टीव्हीवर बोलणारे आमच्या दारात तीन वेळा आले नव्हते.

---

पुण्यात_अडकलेली

राग कसला. बरोबर आहे.

---

शरण_हुक्केरी

निपाणीच्या वहिनी, तुमचा प्रतिसाद कन्नडमध्ये करून आमच्या ग्रुपवर टाकू का? गाव, नाव काढून.

कायद्याचं म्हणाल तर कर्नाटकात अमानुष प्रथांविरुद्धचा कायदा २०१७ साली झाला, लागू व्हायला २०२० उजाडलं. ज्योतिष, वास्तू त्यातून वगळलेत. महाराष्ट्रात दाभोलकर गेल्यावर २०१३ मध्ये आला. दोन्हीकडे माणूस जावा लागला किंवा वाट बघावी लागली.

बेळगावात ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात मौढ्यविरोधी, म्हणजे अंधश्रद्धेविरुद्धचा, कार्यक्रम होतो. सतीश जारकीहोळी २०१४ ला तिथं रात्रभर राहिले होते. राजकारणी आहेत, ज्यानं त्यानं काय ते समजावं. मी एकदा गेलो होतो. चितेच्या कट्ट्याशेजारी बसून भात-सांबार खाल्लं. भीती वाटली नाही, मिरची जास्त होती.

---

निपाणीची_सून

टाका. सासूबाईंना विचारलं. "कन्नडमध्ये पण माझीच मान का?" म्हणून हसल्या.

---

गल्लीचा_कार्यकर्ता

दोन दिवस गप्प बसून वाचत होतो. मास्तरांची पायरी डोक्यातून जाईना.

मराठी दिसायची जागा फक्त मंडप, असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, दरवर्षी साहित्य संमेलनं होतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, दोन-दोन हजार माणूस जेवतं. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ चं, गणपतीपेक्षा जुनं. तिथं कुणी कुणाचा देव विचारत नाही. खरं मला सांगा, तुमच्यापैकी किती जण वर्षात एकदा तरी वाचनालयात गेले? मंडपात मी तीनशे पोरं आणतो. वाचनालयात तुम्ही तीस आणा, मग बोलू.

---

दूधवाल्याचा_पोरगा

ग्रंथदिंडीत पालखी असते, पालखीत ज्ञानेश्वरी असते, पुढं टाळ असतात. आता ते धर्माचं की भाषेचं? मी टाळ वाजवतो. विचार करत नाही.

---

मागवाला (शनिवार, रात्री ११:०५)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो, थोडक्यात नाही.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिलं. बुधवारी हेडसरांकडे गेलो. वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "तीस वर्षांत पहिलं पत्र." मग म्हणाले, "माझ्याकडे असे अजून दोन पालक आहेत, ते फक्त त्या दिवशी पोराला ताप आहे म्हणून कळवतात." मला वाटलं होतं भांडतील. त्यांनी पोच दिली. पोरगी पूजेला बसणार नाही, मान्य. बदल्यात काय करेल, मीच विचारलं. कॅम्पकरांचा कॉरिडॉर डोक्यात होता. तिला बाहेर एकटी उभी करायची नव्हती.

शेवटी असं ठरलं की पूजेनंतरच्या कार्यक्रमात ती घटनेची उद्देशिका वाचेल, तशीही ती शाळेत वाचायचीच असते. शुक्रवारी नऊवारी नेसून गेली. पूजेच्या वेळी मैत्रिणींच्या नारळांची पिशवी सांभाळत मागं बसली. मग वाचली. "सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय" इथं अडखळली, परत म्हटली. टाळ्या बेताच्याच. शिरा मात्र दोनदा खाल्ला, कुंदासाहेबांनी नोंद घ्यावी.

ग्रुपवर सत्तावीस अंगठेवाला आज म्हणाला, "मराठी वाचन स्वच्छ होतं." एवढंच. बाईंनी फोन केला नाही अजून.

आता गंमत. हेडसर म्हणाले, पत्राची एक प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जाऊ दे, उद्या कुणी तक्रार केली तर कागद हवा. ऑफिसात क्लार्कनं प्रत परत दिली. मराठीत चालत नाही, कन्नडमध्ये आणा.

---

शरण_हुक्केरी

पत्राचा फोटो पाठवा. सोमवारपर्यंत करून देतो.

---

कुंदा_कमी_साखर

शरणराव, "सत्यनारायण" ला कन्नडमध्ये काय म्हणतात?

---

शरण_हुक्केरी

सत्यनारायण.